कायाकल्पचे 25 हजार कुणाला? बक्षिसाने दवाखाना खरंच सुधारतो का?

निशिगंधा (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मी एका ग्रामीण रुग्णालयात अधिपरिचारिका आहे, क्वालिटीचं कामही माझ्याकडेच आहे. यंदा आमच्या रुग्णालयाला कायाकल्पचं प्रोत्साहनपर बक्षीस मिळालं, 1 लाख रुपये. त्यातले 75 टक्के रुग्णालयाच्या सुधारणेवर खर्च करायचे आणि 25 टक्के कर्मचाऱ्यांना टीम म्हणून द्यायचे असा नियम आहे. म्हणजे वाटायला 25 हजार आणि माणसं चाळीसच्या घरात.

ज्यांचा संबंध येत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. कायाकल्प ही केंद्राची योजना 2015 मध्ये सुरू झाली. सरकारी दवाखान्यांची स्वच्छता, संसर्ग नियंत्रण, जैववैद्यकीय कचऱ्याची विल्हेवाट अशा गोष्टींना गुण देतात. आधी आपले आपण गुण द्यायचे, मग दुसऱ्या संस्थेचे लोक येऊन तपासतात, मग बाहेरचे परीक्षक. 70 टक्क्यांच्या वर गेलात तर बक्षिसाच्या यादीत. पहिल्या आलेल्या जिल्हा रुग्णालयाला 50 लाख मिळतात. आम्ही लहान, आम्हाला 1 लाख.

आता प्रश्न. बैठकीत तीन मतं पडली. एक, हुद्द्याप्रमाणे द्या. दोन, सगळ्यांना सारखे द्या. तीन, ज्या विभागाला सर्वाधिक गुण मिळाले त्या विभागालाच द्या, म्हणजे पुढच्या वर्षी चुरस होईल. आणि मसुदा यादीत आमच्या सफाईच्या मावशी आणि मामा नाहीतच, कारण ते कंत्राटदाराचे. रक्ताने भरलेला कापूस पिवळ्या पिशवीत आणि सलाइनची नळी लाल पिशवीत हे वर्षभर ज्यांनी सांभाळलं, त्यांचंच नाव नाही. मला हे पटत नाहीये.

त्याहून मोठा प्रश्न मनात आहे. परीक्षक येऊन गेल्यावर काही गोष्टी टिकल्या. कचऱ्याचं वर्गीकरण टिकलं. हात धुण्याची नोंद ठेवत होतो ती मात्र ढिली पडली. मग पैशाने नेमकं काय सुधारतं? इथे डॉक्टर आहेत, परदेशात काम करणारे आहेत, आकडेवारीतले जाणकार आहेत. मनापासून सांगा, मला बैठकीत मांडायचं आहे.

शंतनू_लेस्टर

निशिगंधाताई, अभिनंदन. ग्रामीण रुग्णालयात कचऱ्याचं वर्गीकरण वर्षभर टिकणं ही फार मोठी गोष्ट आहे.

मी इंग्लंडमध्ये जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर आहे. तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर जगातला सगळ्यात मोठा प्रयोग आमच्यावर झाला असं म्हणायला हरकत नाही. एप्रिल 2004 मध्ये इथल्या सरकारने जीपींसाठी क्यूओएफ नावाची पद्धत आणली. 146 निकष, एकूण 1,050 गुण, आणि प्रत्येक गुणाला पैसे. मधुमेहाच्या रुग्णाचं एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर) तपासलं का, ते ठरलेल्या पातळीखाली आलं का, बीपी मोजलं का, दम्याच्या रुग्णाची वर्षातून एकदा तपासणी झाली का, असे ते निकष. जीपीच्या उत्पन्नाचा पाचवा-चौथा हिस्सा यावर अवलंबून राहिला, म्हणजे चिल्लर रक्कम नव्हे.

पहिल्याच वर्षी दवाखान्यांनी जाहीर केलेल्या कामगिरीचा मध्यक (मधला आकडा) 83.4 टक्के निघाला. सरकारच्या अंदाजापेक्षा कितीतरी जास्त पैसे वाटावे लागले. पुढच्या संशोधनात मात्र चित्र गुंतागुंतीचं दिसलं. मधुमेह आणि दमा यांची काळजी सुधारण्याचा वेग सुरुवातीला वाढला, मग 2005 नंतर तो मंदावला. दमा आणि हृदयविकारातल्या ज्या गोष्टींना पैसे नव्हते, त्यांची गुणवत्ता घसरली. आणि रुग्णाला आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडे जाता येणं कमी झालं. माझ्या वयस्कर रुग्णांना याचाच सर्वाधिक त्रास झाला. दर वेळी नवा चेहरा, दर वेळी पहिल्यापासून कहाणी.

तुमच्या हात धुण्याच्या नोंदीसारखंच इथेही झालं. 2014 मध्ये 12 निकषांचे पैसे बंद केले. रक्तदाबाच्या रुग्णांना जीवनशैलीबद्दल सल्ला दिल्याची नोंद पहिल्याच वर्षात 62 टक्केबिंदूंनी खाली आली. रक्ततपासण्यांवर आधारलेले निकषही घसरले, पण इतके नाहीत. याचा अर्थ डॉक्टरांनी सल्ला देणंच थांबवलं असा सरळ काढता येत नाही. संगणकात टिकमार्क करणं थांबलं, हे नक्की. पण मग आधीच्या वर्षांतले टिकमार्क किती खरे होते, हा प्रश्न उरतोच. 2016 मध्ये स्कॉटलंडने ही पद्धत पूर्णच बंद केली.

आणखी एक उदाहरण सांगतो, कारण ते मी कधीच विसरणार नाही. त्याच काळात 48 तासांत डॉक्टरांची वेळ मिळाली पाहिजे असंही लक्ष्य होतं. मग कित्येक दवाखान्यांनी पुढच्या आठवड्याची वेळ देणंच बंद केलं. रोज सकाळी फोन करा, मिळाली तर आजची-उद्याची वेळ घ्या. 2005 च्या निवडणुकीच्या वेळी टीव्हीवरच्या जाहीर कार्यक्रमात एका बाईंनी पंतप्रधान टोनी ब्लेअर यांना हे तोंडावर सांगितलं, आणि त्यांना याची कल्पनाच नव्हती. लक्ष्य गाठलं जात होतं आणि माणसांना हवी ती वेळ मिळत नव्हती.

भास्करराव_म

मला एक साधा प्रश्न आहे. सरकारी नोकरीत पगार मिळतो ना? मग दवाखाना स्वच्छ ठेवायला वेगळं बक्षीस कशाला? माझ्या वडिलांना जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी दवाखान्यात दाखल केलं होतं. कुणी धड बोलायला तयार नव्हतं. पगार घेताय तर काम करा, एवढीच सामान्य माणसाची अपेक्षा आहे.

रमा_अर्थ

भास्करराव, तुमचा राग समजू शकते. पण फक्त पगारावर सोडलं तर काय होतं यावर आपल्या शेजारीच, मध्य प्रदेशात, एक फार चांगला अभ्यास झालाय. 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. प्रशिक्षण दिलेली माणसं रुग्ण बनून डॉक्टरांकडे गेली. तेच डॉक्टर सकाळी सरकारी दवाखान्यात आणि संध्याकाळी स्वतःच्या खासगी दवाखान्यात. माणूस तोच, शिक्षण तेच, आजार तोच. खासगीत त्याने जास्त वेळ दिला, जास्त प्रश्न विचारले आणि योग्य उपचार जास्त वेळा दिले. म्हणजे त्याला येत होतं, पण सरकारी खुर्चीत बसून तो करत नव्हता. अनावश्यक औषधं मात्र दोन्हीकडे सारखीच दिली. पैशाने कष्ट वाढले, पण गरज नसलेल्या गोळ्या कमी झाल्या नाहीत. मला यातला हा दुसरा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो आणि चर्चेत तोच नेहमी गळतो.

आफ्रिकेतल्या रवांडाचं उदाहरण बघण्यासारखं आहे. तिथे 2006 पासून आरोग्य केंद्रांना कामगिरीनुसार पैसे देणं सुरू झालं. संशोधकांनी 166 केंद्रं घेतली. काहींना कामगिरीवर पैसे, आणि तुलनेच्या केंद्रांना तेवढीच रक्कम कुठलीही अट न घालता. म्हणजे फरक दिसला तर तो जास्त पैशांचा नाही, अटीचा. केंद्रात होणारी बाळंतपणं 23 टक्क्यांनी वाढली, लहान मुलांच्या तपासण्याही वाढल्या. पण गरोदरपणातल्या चारही तपासण्या पूर्ण करणाऱ्या बायकांचं प्रमाण वाढलं नाही, पूर्ण लसीकरणही नाही. ज्या कामाला रक्कम मोठी होती आणि जे केंद्राच्या हातात होतं ते वाढलं. जे बाईच्या येण्या-जाण्यावर, रस्त्यावर, घरच्यांच्या परवानगीवर अवलंबून होतं, ते जिथल्या तिथे राहिलं.

म्हणून निशिगंधाताई, पैसे ज्या कामावर ठेवले ते काम ज्यांच्या हातात आहे, त्यांच्यापर्यंत ते पोचले पाहिजेत. तुमच्या मसुद्यातून मावशी आणि मामा वगळले असतील तर हा हिशोब मुळातच उलटा आहे.

गटप्रवर्तक_वैशाली

रमाताईंनी शेवटी लिहिलं त्यावर मला बोलायचं आहे. मी गटप्रवर्तक आहे, माझ्या हाताखाली आशाताई आहेत. 'कामावर आधारित मोबदला' हा शब्द आमच्या रक्तात भिनलाय.

आशाताईला महिन्याचा पगार नाही. गरोदर बाईची तपासणी करून तिला बाळंतपणासाठी दवाखान्यात नेलं तर ग्रामीण भागात 600 रुपये, बाळ जन्मल्यावर 42 दिवसांत सहा किंवा सात घरभेटी पूर्ण केल्या तर 250. एक भेट चुकली तर ते 250 हातचे जातात. नेहमीच्या कामांसाठी 2018 मध्ये केंद्राने महिन्याला 2,000 ठरवले होते. राज्याकडून वाढीव मानधनासाठी किती वेळा रस्त्यावर बसावं लागलं ते सगळ्यांनी बघितलंय. मार्च 2024 मध्ये 5,000 च्या वाढीचा शासन निर्णय निघाला तो आझाद मैदानावरच्या आंदोलनानंतर.

आता गुणवत्तेचं सांगते. घरभेटीची ही कल्पना गडचिरोलीतून आलेली आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 39 गावांत साध्या गावच्या बायकांना शिकवून नवजात बाळांचे मृत्यू 62 टक्क्यांनी कमी करून दाखवले, 1999 मध्ये ते जगासमोर आलं. तिथे प्रत्येक भेटीत बाळाला खरोखर तपासलं जायचं आणि वर कुणीतरी ती भेट पडताळायचं. आमच्याकडे मोबदला फॉर्म भरल्यावर मिळतो. वजनकाटा बंद पडलाय म्हणून महिनाभर सांगत राहिलं तरी दुरुस्त होऊन येत नाही, पण रकान्यात वजनाचा आकडा लागतोच. मग बाई काय करणार? मी तिला दोष देत नाही. काटा देणं तिच्या हातात नाही.

आणि ज्याला दर नाही ते काम कुठेच दिसत नाही. बाळंतीण रडत असते, कुणाशी बोलत नाही, तिच्याजवळ तासभर बसायचं. नवरा मारतो म्हणून माहेरी सोडायचं. याचा रकाना नाही. चांगल्या आशाताई हे सगळं करतात, पण पदरमोड करून.

भास्करदादा, राग मानू नका. 'पगार घेताय तर काम करा' असं आशाताईला म्हणता येत नाही, कारण पगारच नाही.

भास्करराव_म

वैशालीताई, आशांबद्दल मी बोललो नाही, त्यांच्याबद्दल आदरच आहे. माझा मुद्दा कायम नोकरीवाल्यांचा होता. मध्य प्रदेशचा अभ्यास वाचून विचारात पडलोय, हे खरं.

उसाचा_पट्टा

सगळे बक्षिसाबद्दल बोलताय. पण आरोग्यात पैसा आधीच धावतोय, बक्षीस द्या किंवा नका देऊ. मी बीडचा.

ऊसतोड बाईच्या पोटात दुखायला लागलं, पाळीचा त्रास झाला, की खासगीत सांगायचे, गर्भपिशवी काढून टाका. कॅन्सर होईल अशी भीती घालायची. पंचविशी-तिशीतल्या बायकांच्या पिशव्या काढल्या. दुसरीकडे मुकादमाची उचल घेतलेली, जोडी म्हणजे एक कोयता, एक दिवस खाडा झाला की दंड. पाळीमुळे खाडा नको म्हणून बाईही तयार व्हायची. डॉक्टरला ऑपरेशनचे पैसे, मुकादमाला न थांबणारा कोयता. सगळ्यांचा फायदा एकाच बाजूला, आणि त्यात बाईचं शरीर.

2019 मध्ये हे बाहेर आलं, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. 82,309 ऊसतोड बायकांच्या पाहणीत 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यानंतर खासगी दवाखान्याला पिशवी काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणं बंधनकारक झालं. तो उपाय पैशाचा नव्हता. कुणाला बक्षीस दिलं नाही. दुसऱ्या डॉक्टरने कागद बघितल्याशिवाय सुरी लावायची नाही, एवढंच. माझ्या मते अशा ठिकाणी तेच लागतं.

डॉ_मिलिंद_सर्जन

वरच्या प्रतिसादातलं दुःख खरं आहे आणि आमच्या व्यवसायाने ते मान्य केलं पाहिजे. मी तालुक्याच्या गावी वीस खाटांचं रुग्णालय चालवतो, म्हणून दुसरी बाजूही लिहितो.

शस्त्रक्रियेमागे पैसे मिळत असतील तर शस्त्रक्रिया वाढतात, याला आकडेवारीचा आधार आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (2019-21) देशात खासगी रुग्णालयांतल्या 47.4 टक्के प्रसूती सिझेरियनने झाल्या, सरकारीत 14.3 टक्के. गुंतागुंतीच्या केसेस खासगीकडे जास्त येतात, पैसे असणाऱ्या बायका स्वतःहून मागतात, हे सगळं धरूनही एवढी दरी वैद्यकीय कारणांनी भरून निघत नाही. नैसर्गिक बाळंतपणात रात्रभर जागावं लागतं, आणि सिझेरियन तासाभरात संपतं आणि त्याचं बिलही जास्त.

कट प्रॅक्टिसबद्दल तर बोलायलाच हवं. रुग्ण पाठवण्याबद्दल पाठवणाऱ्याला टक्के द्यायचे. मी देत नाही, म्हणून माझ्याकडे काही डॉक्टर रुग्ण पाठवत नाहीत, हे मी रोज सोसतो. 2017 मध्ये राज्याने माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून कायद्याचा मसुदा तयार केला. कायदा काही झाला नाही. जोवर रुग्ण चांगल्या डॉक्टरकडे न जाता जास्त टक्के देणाऱ्याकडे जातो, तोवर गुणवत्तेचं कुठलंही बक्षीस त्यापुढे टिकणार नाही. हे मी पूर्ण जबाबदारीने लिहितो आहे.

आता विम्याच्या योजना. आयुष्मान भारतमध्ये एनएबीएचचं (रुग्णालयांचा दर्जा तपासून मानांकन देणारं मंडळ) प्रवेश पातळीचं प्रमाणपत्र असेल तर पॅकेजच्या दरात 10 टक्के जास्त, पूर्ण मानांकन असेल तर 15 टक्के. कल्पना चांगली आहे. पण मूळ पॅकेजच खर्चापेक्षा कमी असेल तर त्याच्यावर 10 टक्के देऊन काय होणार? प्रमाणपत्रासाठी कागदपत्रं, वेगळा माणूस, इमारतीत बदल. मोठ्या शहरातली रुग्णालयं ते सहज करतात आणि जादा दर मिळवतात. तालुक्याचं रुग्णालय मागे राहतं, आणि सुधारणेची जास्त गरज तिथेच असते. ज्याच्याकडे आधीच आहे त्यालाच बक्षीस मिळतं.

न्यूजर्सी_नर्स

डॉक्टर मिलिंद यांचा शेवटचा मुद्दा अमेरिकेत अगदी तसाच झाला. ऑक्टोबर 2012 पासून मेडिकेअरने (वयस्करांच्या सरकारी आरोग्य विम्याने) नियम केला की हार्ट फेल्युअर, हार्ट अटॅक आणि न्यूमोनियाचे रुग्ण घरी सोडल्यावर 30 दिवसांत पुन्हा दाखल झाले तर रुग्णालयाला दंड. आधी 1 टक्क्यापर्यंत, नंतर 3 टक्क्यांपर्यंत. गरीब वस्तीतल्या रुग्णालयांना सर्वाधिक दंड बसला, कारण घरी कुणी नसणं, औषधाला पैसे नसणं, हे रुग्णालयाच्या हातात नव्हतं. पुढे 2016 च्या कायद्याने बदल करून रुग्णालयांची तुलना त्यांच्यासारखेच गरीब रुग्ण असलेल्या रुग्णालयांशी करायला लावली.

पुन्हा दाखल होणं कमी झालं, हे खरं. हार्ट फेल्युअरच्या रुग्णांचे घरी गेल्यावरचे मृत्यू त्याच काळात वाढले असं एका मोठ्या अभ्यासात दिसलं, आणि त्यावर संशोधकांत अजून वाद आहे. चांगलंही घडलं. घरी सोडताना गोळ्या नीट समजावणं, दोन दिवसांनी फोन करणं, हे आम्ही खरंच शिकलो. निशिगंधाताई, मी तुमच्या जागी असते तर फोन करण्याची ती सवय आधी आणली असती, बक्षीस असो वा नसो.

रमा_अर्थ

डॉक्टर मिलिंद, 'आधीच आहे त्याला बक्षीस' यावर एक उपाय संशोधनात दिसतो. अव्वल येण्याला पैसे न देता आपल्याच मागच्या वर्षाच्या तुलनेत केलेल्या सुधारणेला द्यायचे.

निशिगंधाताई, तुमच्या तिसऱ्या सूचनेवर, म्हणजे विभागांत चुरस लावण्यावर, मला इंग्लंडचाच दुसरा एक प्रयोग आठवतो. शंतनू यांना माहीत असेल. वायव्य इंग्लंडमधल्या 24 रुग्णालयांत ऑक्टोबर 2008 पासून गुणवत्तेसाठी बोनस सुरू झाला. अमेरिकेतून उचललेली पद्धत होती. अमेरिकेत तिने मृत्यू कमी झाले नव्हते. इथे पहिल्या दीड वर्षात ठरलेल्या आजारांतले मृत्यू 1.3 टक्केबिंदूंनी कमी झाले, सर्वाधिक न्यूमोनियात. फरक कशाने पडला? एक म्हणजे बोनस मोठे होते. दुसरं, मिळालेली रक्कम कुणाच्या खिशात गेली नाही, ज्या टीमने कमावली तिला रुग्णसेवा सुधारण्यासाठी मिळाली. तिसरं, स्पर्धक असूनही या रुग्णालयांचे लोक नियमित एकत्र बसून आपल्या अडचणी आणि युक्त्या एकमेकांना सांगत होते.

पुढची गोष्टही सांगितली पाहिजे. साडेतीन वर्षांनी पाहिलं तर हा फायदा तुलनेत उरला नव्हता, बाकीच्या भागातली रुग्णालयंही तोवर तिथवर आली होती.

शंतनू_लेस्टर

हो, त्या एकत्र बसण्याबद्दल तिथे काम केलेल्या सहकाऱ्यांकडून ऐकलंय. न्यूमोनियाच्या रुग्णाला पहिला अँटिबायोटिक डोस वेळेत का मिळत नाही, हे शोधताना कळायचं की कारण औषधाचं कपाट दुसऱ्या मजल्यावर असणं, असं काहीतरी असतं. हे एकट्या डॉक्टरला बोनस देऊन सुटत नाही.

छत्तीसगडची_सून

माझं माहेर विदर्भात, सासर बिलासपूरकडे. म्हणून हे लिहिल्याशिवाय राहवत नाही. नोव्हेंबर 2014 मध्ये आमच्याकडे नसबंदीच्या शिबिरात एका सर्जनने काही तासांत 83 बायकांच्या शस्त्रक्रिया केल्या. त्या शिबिरांनंतर 13 बायका गेल्या. त्या काळी शस्त्रक्रियेमागे डॉक्टरला पैसे, बाईला आणणाऱ्याला पैसे, बाईला पैसे, आणि वरून जिल्ह्याला आकडा गाठायचा. प्रत्येक जण आपल्या वाट्याचं काम उरकत होता. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरं तीन वर्षांत बंद करायला सांगितली.

जिथे मोजणी फक्त संख्येची असते तिथे काय होतं, हे लक्षात असू द्या. त्या बायकांच्या लहान मुलांना आई परत मिळणार नाही.

गटप्रवर्तक_वैशाली

ताई, हे वाचून हात थांबला. आमच्याकडेही नसबंदीच्या केसेसचा आकडा मासिक बैठकीत विचारतात. कुणाला ताप आला, कुणाचा टाका पिकला, हे त्याच जोराने कुणी विचारत नाही.

दवाखान्यात बाळंतपण केल्यावर पैसे देणाऱ्या जननी सुरक्षा योजनेचंही थोडं तसंच म्हणता येईल. 2005 मध्ये आली तेव्हा देशात दवाखान्यातली बाळंतपणं 38.7 टक्के होती, दहा वर्षांत 78.9 झाली. ही फार मोठी गोष्ट आहे, मी स्वतः कित्येक बायकांना रात्री गाडीत घालून नेलंय. पण दवाखान्यात पोचल्यावर तिथे रक्त आहे का, डॉक्टर आहे का, सिस्टरने तिला कसं वागवलं, हे त्या पैशात मोजलेलं नव्हतं. म्हणून पुढे 2017 च्या डिसेंबरात 'लक्ष्य' कार्यक्रम आणावा लागला, लेबर रूमच्या दर्जासाठी.

रमा_अर्थ

वैशालीताईंच्या या मुद्द्यावर आपल्या शेजारच्या कर्नाटकातला प्रयोग सांगते आणि थांबते. ग्रामीण भागातल्या खासगी प्रसूती रुग्णालयांचे गट केले. काहींना ठरलेल्या पद्धतीने काम केल्याबद्दल पैसे, म्हणजे बाळ बाहेर आल्यावर रक्तस्राव थांबवण्याचं औषध वेळेत दिलं का वगैरे. काहींना परिणामावर पैसे, म्हणजे प्रसूतीनंतर रक्तस्राव किती बायकांना झाला यावर. दोन्ही गटांत रक्तस्राव साधारण सारखाच कमी झाला. परिणामावर पैसे मिळणाऱ्यांत जास्त शिकलेले डॉक्टर अधिक चांगलं करू शकले, त्यांनी स्वतःच्या नव्या युक्त्या काढल्या. आणि मोजणी संशोधकांनी घरोघरी जाऊन बाळंतिणींनाच विचारून केली, दवाखान्याच्या रजिस्टरवरून नाही. मला यातलं हे सर्वात महत्त्वाचं वाटतं.

डॉ_मिलिंद_सर्जन

बाळंतिणीला विचारून. हे सोपं आहे आणि कुणी करत नाही. माझ्याकडे सुरू करतो. सोडताना नाही, आठवड्याने फोनवर, आणि फोन करणारी व्यक्ती त्या वेळी वॉर्डात नसलेली.

निशिगंधा

सगळ्यांची मनापासून आभारी आहे. रात्रपाळी संपवून वाचलं, काही प्रतिसाद दोनदा वाचले. बैठकीत काय मांडणार ते लिहिते, कमी-जास्त असेल तर सांगा.

विभागांत चुरस नको. लेबर रूमला जास्त गुण मिळाले म्हणून ओपीडी हिरमुसेल, आणि ओपीडीचा गाळ लेबर रूमच्या दारातच येतो. 25 हजार सगळ्यांना सारखे, अधीक्षकांपासून मावशींपर्यंत. अधीक्षकांशी बोलले, त्यांनी स्वतःचा वाटा आधीच सोडला आहे. कंत्राटी कामगारांना टीममध्ये धरून ठराव करता येतो का हे तालुक्याला विचारलंय. रोख देणं नियमात बसलं नाही तर 75 हजारांतली पहिली खरेदी त्यांच्यासाठी: जाड हातमोजे, गमबूट, हिपॅटायटिस बी ची लस. लस तर बक्षिसाशिवायही त्यांना मिळायलाच हवी होती, हे मी बैठकीत स्पष्ट बोलणार आहे.

हात धुण्याची नोंद परत सुरू करतेय, पण आमची आम्ही ठेवणार नाही. शेजारच्या ग्रामीण रुग्णालयातल्या सिस्टर महिन्यातून एकदा न सांगता येतील, मी त्यांच्याकडे जाईन. त्यांच्या मॅडम तयार आहेत. बेसिनजवळ साबण आणि पाणी नसेल तर तो गुण कर्मचाऱ्याचा कापायचा नाही, कार्यालयाचा कापायचा. वैशालीताईंच्या वजनकाट्यावरून हे सुचलं.

आणि बाळंतिणींना फोन. प्रश्न कोणते असावेत? 'कुणी ओरडलं का, कुणी पैसे मागितले का, सोबतच्या बाईला आत थांबू दिलं का' इथपर्यंत मी काढलेत.

छत्तीसगडची_सून

'घरी गेल्यावर ताप आला का, आणि आला तेव्हा कुणाला फोन करायचा हे माहीत होतं का', हेही घाला.

न्यूजर्सी_नर्स

फोन सासूने उचलला तर बाळंतिणीशीच बोलायचं आहे असं नम्रपणे सांगा. आणि दुपारी दोन ते चारच्या दरम्यान करा, तेव्हा ती मोकळी असते. आमच्या फोनचा छापील नमुना माझ्याकडे आहे, मराठीत करून व्यक्तिगत निरोपाने पाठवते.

गटप्रवर्तक_वैशाली

तुमच्या भागातल्या आशाताईंनाही या फोनचं आधी सांगून ठेवा, म्हणजे बाळंतीण घाबरणार नाही. ज्यांच्या घरी फोनच नाही अशांची यादी करा, तिथे आशाताई जाऊन विचारतील. आणि हे काम तुमच्या 75 हजारांत बसत असेल तर भेटीमागे काहीतरी त्यांना द्या. ठरावात आत्ताच लिहून घ्या, नंतर राहून जातं.

निशिगंधा

वैशालीताई, लिहून घेतलं. बैठक बुधवारी आहे.